एका काठीचे टिपणीस साहेब

टिपणीस साहेबांनी एकदा माझ्या म्हशीला वाट दिली.

तुमी-आमी देतो तशी नाय, की आडवी आली, हाड केलं, थांबलो. रीतसर दिली. गोल्फच्या मैदानात चौथ्या खेळाला, म्हणजे बॉल घालायच्या चौथ्या भोकाच्या वाटेवर, साहेब बॉल मारायला उभे होते. म्हैस कुंपणाच्या भोकातनं आत शिरली आणि थेट त्यांच्या मागं येऊन उभी राहिली. साहेबांनी काठी खाली घेतली, बाजूला झाले, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि हात पुढं करून बोलले, "प्रथम तुम्ही."

म्हैस आमच्या घरची. तिला रीत कुठली? ती ऐन वाटेत बसली. साहेब पंचवीस मिनटं उनात, टोपी काढून उभे. मी लांबनंच बघत होतो, कारण म्हैस माझी हाय असं कबूल केलं असतं तर माझं काम गेलं असतं. शेवटी पुढं गेलो आणि अनोळखी बाईला विचारावं तसं विचारलं, "ए, कुणाची गं तू?" तर ती पठ्ठी उठली आणि माझ्या खांद्यावर मान घासायला लागली.

साहेब बोलले, "ओळखीच्या दिसतात."

मी बाळाराम. शाळा मी आतनं बघितलीय, पण रंगवायला गेलेलो तेव्हा. पनवेलच्या डोंगराखाली हे मैदान झालं तेव्हापासून मी तिथं कॅडी. कॅडीची कामं तीन. खेळणाऱ्याच्या काठ्यांची बॅग उचलायची, बॉल कुठं गेला ते बघायचं, आणि त्यानं कितीपण वाईट मारला तरी "वारा आडवा होता साहेब" बोलायचं. पहिल्या दोन कामांत मी कच्चा हाय. तिसऱ्यात माझा हात धरणारा कोण नाय. पानसुद्धा हलत नसताना मी लोकांना वारा दाखवलाय.

इथं येणाऱ्याची एकेकाची बॅग म्हणजे नव्या नवरीचं कपाट. चौदा काठ्या, प्रत्येक काठीला टोपरं, छत्री, टॉवेल, उनाचं क्रीम, बदाम. आणि टिपणीस साहेब खांदा कॉलनीतनं येणार बसनं, काखेत छत्रीसारखी एक लोखंडी काठी आणि हातात भाजीची कापडी पिशवी. पिशवीला कोथिंबिरीचा वास.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "साहेब, बाकीचं सामान गाडीत हाय का?"

"बाकीचं सामान नाही."

"मंग मी उचलू काय?"

"पाय," साहेब बोलले. "जरा चटचट."

पिशवीपण त्यांनी मला दिली नाय. वर माझी पाण्याची बाटली बघून बोलले, "आण इकडे, माझ्या पिशवीत जागा आहे." म्हणजे खेळाडू कॅडीचं सामान वागवतोय आणि कॅडी हात हलवत चाललाय. बाकीचे कॅडी शिट्ट्या मारायचे. "बाळाराम, झेपतंय ना? का हमाल पाठवू?"

पिशवीत काय, तर दोन बॉल. लाकडाचे तीन खुंटे, बॉल ठेवायला. बंद झालेलं चार आण्याचं नाणं, हिरवळीवर बॉल उचलला की त्या जागी ठेवायला. बायकांचा केसात खोवायचा आकडा, बॉल पडून हिरवळीला खळगा पडला की तो उचकून सारखा करायला. आणि एका बाटलीत वाळूमाती. काठी लागून जमिनीचं ढेकूळ उडालं, तर ते परत बसवून वर माती टाकायला. आकडा कुणाचा ते मी कधी विचारलं नाय. साहेब एकटे राहतात एवढं माहीत होतं.

"बाळाराम, आपल्याकडे सामान कमी आहे," साहेब दर खेपेला सांगायचे, "म्हणून वागणुकीत सूट नाही. चौदा काठ्यांचा माणूस चुकला, तर लोक म्हणतात घाईत असेल. एका काठीचा चुकला, तर म्हणतात याला आत कुणी घेतलं."

मंग मला शिकवणं सुरू झालं. कुणी मारायला उभा राहिला की बोलायचं नाय, हलायचं नाय. आपली सावली त्याच्या बॉलवर पडू द्यायची नाय. बॉल आणि भोक यांच्यामधल्या वाटेवर पाय द्यायचा नाय. मी पहिल्याच दिवशी तिन्ही केलं. सावली पडली म्हणून मागं सरकलो, तो वाटेवर उभा राहिलो आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. त्यावर हळदीतलं गाणं लावलेलं, ढोलासकट. आमी वाट दिलेल्या एका पाहुण्याचा बॉल गेला झुडपात. मी सवयीनं बोललो, "वारा आडवा होता साहेब." तो माणूस माझ्याकडं असा बघायला लागला, की मी पुढचे दोन खेळ झाडाआडनं केले.

वाळूच्या खड्ड्याची तर वेगळीच गोष्ट. खड्ड्यात गेलं की बाहेर येताना आपली पावलं दाताळ्यानं पुसायची. साहेब स्वतःची पुसायचे, वर आदल्या माणसाची पुसायचे, वर कुत्र्याची पुसायचे. एकदा मी बोललो, "साहेब, आज मी करतो." वाळू अशी झकास सारखी केली की सारवलेलं अंगण वाटावं. मंग साहेब हळूच बोलले, "बाळाराम, माझा बॉल मी अजून मारला नव्हता." दोन बॉलांतला एक. त्या माणसाचं अर्धं सामान मी गाडलं होतं. सापडेपर्यंत आमी मागच्या अकरा लोकांना वाट दिली.

साहेबांचा गोल्फ मैदानावर संपायचा नाय. एकदा मी त्यांच्याबरोबर खांदा कॉलनीत भाजी घ्यायला गेलो. पुढं एक बाई भेंडीचा भाव करत होती. साहेब चार पावलं मागं, हात बांधून स्तब्ध. मी पिशवी चाळवली तर ओठांवर बोट. "शांतता. ताईंचं चाललंय." बाईनं दोनदा मागं बघितलं आणि भेंडी न घेताच गेली. भाजीवाला बोलला, "काका, रोज माझी दोन गिऱ्हाइकं घालवता." बसस्टॉपवर तेच. बस आली की साहेब टोपी काढून बाजूला. "प्रथम तुम्ही." सगळी चढतात, बस सुटते. साहेब हात करतात. त्या जाणाऱ्या बसला पण.

एवढी रीत आली कुठनं? ते मला एकदा आंब्याखाली बसल्यावर कळलं. साहेब एका मोठ्या ऑफिसात कारकून होते. त्यांच्या वरच्या साहेबाला गोल्फचा नाद. मैदानावरच सह्या करायचा. म्हणून टिपणीस साहेब वीस वर्षं त्याच्या मागं फायली घेऊन चालले. कुठं थांबायचं, कुठं गप्प बसायचं, सावली कुठं ठेवायची, सगळं पाठ. वरचा साहेब बदली होऊन गेला तेव्हा बॅगेत जास्तीची झालेली ही सात नंबरची काठी त्यांना देऊन गेला.

"मंग त्या वीस वर्षांत तुमी किती खेळला असाल!"

"एकदाही नाही."

"एकदा पण मारला नाय?"

"कुणी म्हणालं नाही, की मार."

ते असं बोलले, जसं आपण आज भाजीत मीठ कमी हाय बोलतो. मंग उठले आणि मागनं आलेल्या चार जणांना हात केला. "प्रथम तुम्ही."

आता माझी अडचण ऐका. ह्या मैदानात खेळ अठरा, पण दुपारच्या लोकांचे नऊ. आणि तीन वर्षांत टिपणीस साहेब सहाव्याच्या पुढं गेले नव्हते. कारण त्यांचा एक रूल. एकट्या खेळणाऱ्याला मैदानावर हक्क नसतो. मागनं जोडी आली, चौघं आले, एकट्यानं बाजूला व्हायचं. कुणी पण येवो, साहेब बाजूला. सहाव्यापर्यंत दिवस मावळायचा. सातवा कसा दिसतो ते ते मला विचारायचे. "तिथे तळं आहे ना रे?" जसं काय सातवा काशीला हाय.

आणि मला त्यांना न्यायचं होतं नवव्याला. कारण नवव्याचा जो चौथरा हाय, जिथनं पहिला बॉल मारतात, तो आमच्या भाताच्या खाचराच्या बांधावर हाय. जमिनी गेल्या, मैदान झालं. आता मी आमच्याच शेतात दुसऱ्याच्या काठ्या घेऊन फिरतो आणि गवत तुडवू नका बोलतो. बाप असता तर बोलला असता, बाळाराम, तू शेतात असताना पण असाच उभा असायचास. खरं हाय. पण साहेबांना मी सांगितलेलं ते खाचर एकदा दाखवावं असं फार वाटायचं. का, ते सांगता येत नाय. घरी माणूस आला की आपण मागची विहीर नाय का दाखवत, तसं.

एक दिवस स्टार्टर दळवीकडं हे रडगाणं गायलो. स्टार्टर म्हणजे कोण कधी खेळायला सुटणार ते ठरवणारा. दळवी हसायला लागला. "अरे, तो रूल कधीच गेला! एकट्याला पण सारखाच हक्क. जो भराभर खेळेल तो पुढं. तुज्या साहेबांचं पुस्तक जुनं असेल."

मी धावत सुटलो. साहेब पाचव्याला टोपी काढून उभे होते, दोन बायका पुढं चाललेल्या. मी धापा टाकत सांगितलं, "साहेब, रूल बदलला! कुणाला वाट द्यायची नाय! आता नवव्यापर्यंत सुसाट!"

साहेबांनी बायका लांब जाईपर्यंत वाट बघितली. मंग बोलले, "माहीत आहे मला."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासून." टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली. "बाळाराम, मी आपला पुढे पुढे गेलो तर मला कोण भेटणार? पुढचे पुढे, मागचे मागे. बाजूला उभा राहिलो की सगळे भेटतात. थँक्यू काका म्हणतात. एखादा विचारतो, गुडघा कसा आहे. आत्ता त्या दोघींनी विचारलं, चहा झाला का." काठी काखेत घेतली. "घरी विचारायला कोण येतंय?"

  मी बोललो, "झाला का साहेब, चहा?"

"झाला," साहेब बोलले.

त्याच्यानंतर महिन्याभरात बोर्डावर कागद लागला. पुढच्या महिन्यापासनं दुपारी एकट्याला सोडणार नाय, कमीत कमी दोघं पायजेत. मला वाचता येत नाय म्हणून साहेबांनीच वाचून दाखवला. दोनदा वाचला. "योग्य आहे," बोलले. "गर्दी वाढली आहे." मंग काठीचं डोकं रुमालानं पुसलं. ते पुसलेलंच होतं. पिशवीतनं मातीची बाटली काढून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. भरलेली आहे. मला घरी कुंडीसुद्धा नाही."

ती बाटली घेऊन घरी गेलो. बायको मंदा बोलली, "आता बाहेरनं माती पण आणायला लागला?"

रात्रभर जागलो असं सांगितलं असतं, पण मी जेवलो की झोपतो. सकाळी उठलो आणि सरळ नवीन पनवेलला गेलो, जिथं एका बिल्डिंगच्या कामावर माझा मेव्हणा सळया वाकवतो. त्याला बोललो, "मला एक काठी करून दे." कारण साहेबांचा आणखी एक रूल मला माहीत होता. एका काठीवर दोघांनी खेळायचं नाय. ज्याची त्यानं आणायची. मेव्हण्यानं सळई कापली, टोकाला वाकवली, ठोकून चपटी केली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. घरी येऊन अंगणात ठेवली आणि तोंड धुऊन येतो तर मंदानं तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला.

"अगं, गोल्फची काठी हाय ती!"

"तुमी खेळणार?" मंदा बोलली. "म्हैस तरी बरी खेळेल."

महिना लागला त्या पहिल्या मंगळवारी माझी सुट्टी होती. साहेबांना मी फोन करून बोलावलं, कारण नाय सांगितलं. ते आले, काठी न घेता. हातात नुसती पिशवी, सवयीची. मी सळई पुढं केली. "साहेब, दोघं पायजेत ना? दुसरा मी. ही बघा माझी काठी."

साहेबांनी सळई हातात घेतली. तोलली. एक डोळा मिटून सरळ हाय का बघितली. "पुढे जरा जड आहे," बोलले. मंग पिशवी माझ्याकडं दिली, पयल्यांदाच, आणि बोलले, "धर. माझी काठी घेऊन येतो." बस पकडून खांदा कॉलनीला गेले आणि पाऊण तासात परत आले. मी विचारलं, बस लवकर कशी मिळाली? बोलले, "आज चढलो."

दळवीनं रजिस्टर पुढं सरकवलं. साहेबांनी माझ्या नावापुढं लिहिलं, पाहुणा. मला सही म्हणून 'बा' एवढंच येतं, तेवढं केलं. बापाच्या बांधावर मी पाहुणा म्हणून आत गेलो. दळवी बोलला, "पाहुणचार नीट घे. आणि ती सळई लांब धर, स्लॅब पडल्यासारखं वाटतं."

मी साहेबांना एकच अट घातली. वाट सगळ्यांना द्या, पण पाय उचला. चटचट. आणि साहेबांनी वाट दिलीच. तिसऱ्याला चौघं आले, पाचव्याला जोडी. प्रत्येकजण थांबला. "अरे वा काका, आज पार्टनर?" साहेब टोपी काढून सांगायचे, "हे बाळाराम. माझे पाहुणे." मी सळई पाठीमागं लपवायचो. एकानं विचारलं, कुठल्या कंपनीची काठी? मी बोललो, घरची हाय.

खेळाचं विचारू नका. पयल्या खेळाला मला एकवीस फटके लागले, त्यात सहा हवेत. एकदा सळईच हातातनं सुटली आणि बॉलच्या पुढं गेली. साहेब अगदी गंभीर. प्रत्येक वेळी सावली आखडून, श्वास धरून उभे. मला आजवर कुणी असं गप्प उभं राहून बघितलं नव्हतं. 

आता एक रीत सांगायची राहिली. आदला खेळ जो जिंकतो, त्यानं पुढच्याला आधी मारायचं. त्याला मान बोलतात. आमच्यात पालखीचा असतो तसा. आठच्या आठ खेळ साहेब जिंकले, म्हणजे सगळीकडं मान त्यांचा. सातव्याचं तळं आलं तेव्हा त्यांनी मान घेतला, पण बॉल मारला नाय, आधी काठावर जाऊन पाणी बघून आले. "आहे," बोलले.

नवव्याला पोचलो तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. चौथऱ्यावर मी, साहेबांनी शिकवल्याप्रमाणं, कडेला, तोंड बंद, सावली पायाखाली. साहेब पुढं गेले नाय. आजूबाजूला बघत राहिले.

"तुझं खाचर कुठून कुठपर्यंत होतं रे?"

मी सळईनं दाखवलं. हितनं त्या उंबरापर्यंत. बांध असा जायचा. पाणी तिकडनं यायचं.

साहेबांनी सगळं बघून घेतलं. मंग बाजूला झाले, टोपी काढून छातीशी धरली आणि हात पुढं केला. "प्रथम तुम्ही."

आमच्या घरच्यांत आजपर्यंत ते फक्त म्हशीला तुम्ही बोलले होते.

"साहेब, मान तुमचा हाय," मी बोललो. "रूल..."

"माहीत आहे मला."

मी बॉल ठेवला आणि सळई फिरवली. बॉल जागेवर. पायाएवढं ढेकूळ मात्र असं उडालं की माझ्या जन्मातला सगळ्यात लांब फटका तोच. साहेब गेले, ढेकूळ दोन्ही हातांनी उचलून आणलं, वाकून जागेवर ठेवलं. मी टाचेनं दाबलं. बाप बांध लिंपताना दाबायचा, तसं आपोआप झालं. बाटली माझ्याच खिशात होती, ती साहेबांनी घेतली आणि कडेनं माती भरली.

तेवढ्यात मागनं चौघं आले. घाईत होते. एकजण बोलला, "काका, आम्ही जातो ना पुढे?"

मी सळई उचलून बाजूला सरकलोपण. तीन वर्षांची सवय. पण साहेब हलले नाय. टोपी छातीशी तशीच. ओठांवर बोट ठेवलं आणि त्या चौघांना बोलले, "थांबा जरा. यांचं चाललंय."

आणि चौदा-चौदा काठ्यांची चार माणसं सावल्या आखडून गप्प उभी राहिली.

मी मारला. बॉलला लागलं, आवाजावरनं कळलं. कुठं गेला ते मात्र मला विचारू नका. बघायचं काम माझंच, पण मला काय दिसलं नाय.

वारा आडवा होता.